एकोणीस कैच्या

४ मार्च २०१९, सोमवार

पाच दिवस वहीला हात लावला नाही. लावला असता तर कागद फाटला असता, इतका राग आहे.

बुधवारी सकाळी दूध काढून आम्ही नाश्त्याला बसलो आणि कालवडींची शेड बसली. आधी लाकूड मोडल्याचा एक आवाज आला, मग थोडा वेळ काहीच नाही, मग सगळं एकदम. गवताच्या बाजूच्या, छप्पर तोलणाऱ्या लाकडी कैच्या आधी खाली आल्या आणि त्यांनी पुढच्यांना ओढून घेतलं. बत्तीसपैकी अकरा कालवडी मेल्या. नऊ जागच्या जागी, दोघींना माझ्या नवऱ्याला, ड्वेनला, बंदुकीने सोडवावं लागलं. त्या सगळ्यांना मी बाटलीने दूध पाजलेलं आहे. कुणाच्या कानामागे पांढरा ठिपका होता तेही मला सांगता येईल.

बर्फ पुष्कळ होता, मान्य. पण टग हिलच्या या डोंगरावर बर्फ पुष्कळ नसतो असं कोणतं वर्ष गेलं? खालच्या मोठ्या तलावावरून वारा आला की एका दिवसात कमरेइतका पडतो आणि इथल्या सगळ्या शेडी तो सोसतात. जमिनीत खांब, खांबांवर लाकडी कैच्या, वर पत्रा. शेजारच्यांची चाळीस वर्षं जुनी शेड ताठ उभी आहे. आमची सोळा वर्षांत गेली.

बांधली कुणी? वेंडेल झेरने. मेनोनाइट, त्या साध्या राहणीच्या ख्रिस्ती पंथाचा माणूस, शब्दाचा पक्का, असं सगळे म्हणतात. शब्द पक्का असेल, छप्पर नव्हतं.

विम्याचा माणूस आला होता. बर्फाच्या ओझ्याने पडलं तर आमच्या पॉलिसीत बसत नाही म्हणाला. गाडीतून उतरताना बुटांना बर्फ लागू नये म्हणून जपत होता. बांधकाम कुणाचं, असं त्याने विचारलं. मी झेरचं नाव अक्षर अक्षर सुटं करून सांगितलं.

९ मार्च, शनिवार

ड्वेनने सगळं जाळलं.

मी त्याला बजावलं होतं की निदान एक मोडकी कैची ठेव, मला ती झेरच्या दारात नेऊन टाकायची आहे. मी दुकानातून परत येते तो मागच्या रानात हा ढीग पेटलेला. ज्या माणसाला वाकडा खिळा फेकवत नाही, तो ठोकून सरळ करून डब्यात ठेवतो, त्याने दोन दिवसांत अख्ख्या शेडचं लाकूड जाळून टाकलं. तेही दुखऱ्या कमरेने एकट्याने ओढून. मी विचारलं, एवढी घाई कसली होती? म्हणाला, ओलं होतं, कुजलं असतं. ओलं होतं तर पेटलं कसं, असं मी विचारलं, तर कोट दाराजवळच्या फळीला अडकवून झोपायला गेला. दुपारी दोन वाजता.

आता पुरावा काय उरला? काळे खिळे आणि दातेरी पत्रे, राखेत.

१६ मार्च, शनिवार

आज पशुखाद्याच्या गिरणीत झेर भेटला. बरं झालं, काउंटरवर आणखी सात-आठ जण होते.

त्याने हॅट काढली. कालवडींचं ऐकून वाईट वाटलं म्हणाला. मी म्हटलं, वाईट वाटायलाच हवं, काड्यापेटीच्या काड्यांचं छप्पर घालून दिलंत तुम्ही आम्हाला. मला वाटलं आता हा काहीतरी बोलेल, सफाई देईल, उलटून ओरडेल. मग मला पुढचं बोलता आलं असतं. तो खिडकीतून बाहेर बघत राहिला. बाहेर आमचा ट्रक होता आणि ट्रकमध्ये ड्वेन बसला होता. तो आत यायला तयारच नव्हता.

मग झेर एवढंच म्हणाला, "नवीन उभारायचं ठरलं की सांगा. कैच्या उचलायला माणसं लागतील, ती मी देईन."

काय हिंमत आहे. मी म्हटलं, तुमची माणसं माझ्या कुंपणाच्या आत पाऊल टाकणार नाहीत. त्याने हॅट घातली आणि मिठाची गोणी उचलून निघून गेला. परत येताना मी ड्वेनला सगळं सांगितलं. त्याने हीटर वाढवला.

२ एप्रिल, मंगळवार

नवीन शेडसाठी कैच्या निवडायच्या आहेत आणि घरात त्यावरून रोज भांडण आहे.

खांब काय, कुणीही रोवेल. सगळा खेळ कैच्यांचा आहे. जुन्या शेडला अठ्ठेचाळीस फुटांच्या कैच्या आठ-आठ फुटांवर होत्या. खालून लांब तुळई, वर दोन उतार, मध्ये तिरपे दांडे, सांध्यांवर दातेरी पत्रे ठोकलेले. खाली जिल्ह्याच्या गावातला एक विक्रेता येऊन टेबलावर कॅटलॉग पसरून गेला. अंतर आठच फूट ठेवा म्हणाला, सगळीकडे तसंच असतं.

ड्वेन म्हणाला, "चार."

मी म्हटलं, चार फुटांवर म्हणजे दुप्पट कैच्या. कशाला? झेरने नीट माल वापरला असता तर आठ फूट पुरलेच असते की. तर म्हणाला, चार फुटांवर, आणि बर्फाचा भार कैच्या बनवणारे प्लँटवाले सांगतील त्याच्यापेक्षा जास्त धरायचा. हा माणूस माझ्या वाढदिवसाला सवलतीतले हातमोजे आणतो. मी विचारलं, तुझं डोकं ठिकाणावर आहे ना? आठ फुटांत चूक नव्हती, चूक झेरची होती.

त्याने कॉफीचा कप बाजूला सारला. मग म्हणाला, "चार, आर्लीन. नाहीतर मी शेड बांधत नाही."

चाळीस वर्षांच्या संसारात त्याने मला असं बजावल्याचं आठवत नाही. मी रागाने कोट ओढला तर बाही फळीच्या टोकाच्या दातेरी पत्र्यात अडकून टर्रकन फाटली. ती फळी त्यानेच करून दिलेली आहे. इतकी वर्षं झाली, तेवढा पत्रा उचकटून काढ म्हणून सांगतेय. तेही होत नाही त्याच्याने.

१७ एप्रिल, बुधवार

विक्रेत्याला सोडलं आणि थेट कैच्यांच्या प्लँटला फोन लावला. मार्सी नावाची मुलगी नकाशे करते. बोलायला बरी आहे, पण प्रश्न विचारून जीव खाते. रस्ता कोणता? गावाचं नाव नको, नेमका रस्ता सांगा, कारण तुमच्याकडे डोंगर चढला की दर दोन मैलांना बर्फाचा आकडा बदलतो. पत्र्यावरून बर्फ घसरतो की अडतो? शेजारी उंच इमारत आहे का, जिचा बर्फ हिच्यावर साचेल? खालच्या तुळईला काही टांगणार का, पंखे, दिवे, पाण्याचे पाइप?

इथपर्यंत ठीक होतं. मग म्हणाली, "आणि मॅडम, नंतर कुठे काही कापायचं आहे का? असलं तर आत्ताच सांगा, आम्ही तशी कैची करून देतो."

मी म्हटलं, अगं पोरी, छपराची कैची कोण कापतं?

ती हसली. म्हणाली, पुष्कळ जण कापतात, ट्रॅक्टरचं धुराडं जावं म्हणून, उंच दार बसावं म्हणून. एक तिरपा दांडा कापला तर त्या दिवशी काहीच होत नाही. दहा वर्षंसुद्धा होत नाही. त्याचं ओझं शेजारचे दांडे उचलतात, सांध्यावरचा पत्रा हळूहळू सैल होतो, आणि मग एका हिवाळ्यात सगळं एकदम.

मला रागच आला. आमच्या अकरा कालवडी गेल्यात आणि ही मला सांगतेय की लोक मूर्ख असतात. आम्ही तसले लोक नाही, असं सांगून फोन ठेवला. जेवताना ड्वेनला नक्कल करून दाखवली, "कुठे काही कापायचं आहे का मॅडम." तो ताटातला पाईचा गोड तुकडा तसाच टाकून कोठारात गेला. रूबार्बचा होता, त्याच्या आवडीचा.

७ मे, मंगळवार

आज फायर हॉलची, म्हणजे गावच्या अग्निशमन दलाची, महिन्याची बैठक होती. बंबांसाठी नवी इमारत बांधायची आहे, खांब आणि कैच्यांचीच, आणि काम झेरला जवळजवळ ठरलं होतं. महिला मंडळातर्फे मी कमिटीवर आहे. मी उभी राहिले आणि म्हटलं, ज्या छपराखाली आपली माणसं कपडे चढवून पळणार, ते छप्पर या माणसाने घालावं असं ज्यांना वाटतं त्यांनी उद्या माझ्याकडे यावं, अकरा कालवडी कुठे पुरल्यात ते मी दाखवते.

सात विरुद्ध चार. काम वॉटरटाउनच्या कंपनीला गेलं.

झेर मागच्या बाकावर होता. मतं मोजून झाल्यावर उठला, दाराशी ठेवलेली आपली मोजपट्टी उचलली आणि गेला. कुणीतरी म्हणालं, त्याच्या पोरांना या उन्हाळ्यात बाहेरगावी काम शोधावं लागणार. लागू दे.

ड्वेन बैठकीला आलाच नाही. चौतीस वर्षं तो त्या दलात आहे, एक बैठक चुकवलेली नाही. घरी आले तेव्हा ट्रॅक्टरखाली आडवा होता. मी निकाल सांगितला तर म्हणाला, पाना दे. छातीवरचा दगड उतरल्यासारखं वाटायला हवं होतं. नाही वाटलं. तोही राग त्याच्यावरच.

२२ मे, बुधवार

मका पेरायला उशीर झाला आहे, ओल हटत नाही. मी आणि ड्वेन हवामान आणि गाई यांच्यापलीकडे बोलत नाही. बाही शिवली.

११ जून, मंगळवार

आज मार्सीला सांगितलं की शेडच्या शेवटच्या टोकाला गवताच्या गाठी वरपर्यंत रचायच्या आहेत, त्यासाठी एलिव्हेटर, गाठी वर नेणारा तिरपा सरकता पट्टा, पूर्वीसारखाच हवा. म्हणजे त्याचं तोंड कैचीच्या खालच्या तुळईवरून आत शिरलं पाहिजे, तरच गाठी थेट वर पडतात. जुन्या शेडमध्ये तो आरामात जायचा.

ती म्हणाली, थांबा. जुन्या कैच्याही आमच्याच प्लँटच्या निघाल्या, कपाटात २००३ चा नकाशा आहे. कागद चाळल्याचा आवाज आला. मग तिने मला आकडे वाचून दाखवले. भार अगदी बरोबर धरलेला होता, किंबहुना जास्तच. झेरने स्वतः फोन करून तो वाढवून घेतल्याची नोंद होती.

मी म्हटलं, मग त्याने कैच्या कमी बसवल्या असतील.

"आम्ही एकोणीस पाठवल्या मॅडम, पावती आहे. पण एक सांगा, या नकाशात भिंतीजवळचे तिरपे दांडे खूप जवळ आहेत. तिथून तर बादलीसुद्धा जाणार नाही. तुमचा एलिव्हेटर कुठून जायचा?"

मी म्हटलं, ते मला काय माहीत, जायचा. आणि फोन ठेवला.

एकोणीस पाठवल्या. मग झेरने किती चढवल्या? दोन-चार वगळून अंतर वाढवलं असणार आणि उरलेल्या दुसऱ्याच्या शेडला लावल्या असणार. माणसं देवाचं नाव घेतात आणि हे करतात. कैच्या चढल्या त्या दिवशी मी सगळ्यांना जेवू घातलं होतं आणि मला सवय आहे, मी सगळं मोजून लिहून ठेवते. उद्या माळ्यावरून २००३ ची वही काढते. सापडू दे एकदा आकडा, फायर हॉलमध्ये वाचून दाखवते.

१२ जून, बुधवार

सापडला. २३ ऑगस्ट २००३. माझंच अक्षर. "आज कैच्या चढल्या. एकोणीसच्या एकोणीस, संध्याकाळच्या दुधाआधी. माणसं सोळा. हॅम दोन, बटाट्याची ताटं चार, पाई नऊ. झेर शेवटपर्यंत वर होता, प्रत्येक सांधा हाताने बघून मगच उतरला."

तिथे वही मिटली असती तर बरं झालं असतं. पण माझी चिडचिड झाली होती, मला त्याच्याविरुद्ध काहीतरी हवंच होतं. शेडचं काम पुढे कधी निघालं होतं का ते बघायला पुढच्या वह्या चाळत गेले. जे सापडलं ते जसंच्या तसं इथे उतरवते. शब्द बदलणार नाही.

११ ऑक्टोबर २००८. "शेवटी एकदाचा एलिव्हेटर बसला! तीन आठवडे ड्वेनच्या मागे लागले होते. माझ्या खांद्याने गाठी वर फेकवत नाहीत हे त्याला दिसत नाही का? तो म्हणत होता झेरला विचारून करतो. मी म्हटलं, प्रत्येक गोष्ट झेरला काय विचारायची, छप्पर तुझं आहे. गवताच्या बाजूच्या दोन कैच्यांचे तिरपे दांडे कापले, दोन तासांत काम झालं. शिडी मी धरली. कापलेलं लाकूड छान आहे, त्याची कोट टांगायला फळी करून घेतली. इतकी वर्षं सांगत होते."

३ नोव्हेंबर २००९. "सरकत्या दाराचा रूळ बसवायला झेर आला होता. ड्वेन लिलावाला गेलेला. झेर वर बघून म्हणाला, हे कापलेलं असं राहू देऊ नका, प्लँटकडून दुरुस्तीचा नकाशा मागवू, दोन्ही कैच्यांना जोडपट्ट्या मारू, एका दुपारचं काम आहे. काम कमी असेल त्याला. मी वाटेला लावला. ड्वेनला काही बोलले नाही, उगाच तो डोक्यात घेऊन बसतो."

मी खाली आले. दाराजवळची फळी बघितली. पाच फूट, टोकाला दातेरी पत्रा. अकरा वर्षं मी माझा कोट तिला टांगतेय.

१३ जून, गुरुवार

सकाळी दूध झाल्यावर दोन्ही वह्या ड्वेनच्या ताटापुढे ठेवल्या आणि बोट ठेवून म्हटलं, वाच.

पहिली नोंद वाचून त्याने मान हलवली, जणू हवामान वाचतोय. मी ओरडले. मी म्हटलं, तुला माहीत होतं. मार्चपासून मी गावभर त्या माणसाची अब्रू घालवत फिरतेय, तुझ्यासमोर, आणि तू हीटर वाढवतोस?

तो म्हणाला, "मला वाटलं तुला आठवतंय."

"काय आठवतंय?"

"शिडी तूच धरली होतीस. मला वाटलं, तू मला वाचवायला त्याच्यावर ढकलतेयस. करवत माझ्या हातात होती ना. मग मी तुला खोटं कसं पाडू? म्हणून लाकूडही जाळून टाकलं, कुणी येऊन बघू नये म्हणून."

मला खरंच आठवत नव्हतं. देवाशपथ नव्हतं. तीन महिने हा माणूस असं समजून माझ्याशेजारी झोपला की माझी बायको माझ्यासाठी समजून-उमजून एका चांगल्या माणसाला बुडवतेय. आणि तरी गप्प. राग कुणावर काढू ते मला कळेना, म्हणून त्याच्यावरच काढला. बरंच काही बोलले. ते लिहीत नाही.

मग त्याने दुसरी नोंद वाचली. ती त्याला माहीत नव्हती. दोनदा वाचली. चष्मा काढला.

"एका दुपारचं काम," तो म्हणाला. "हे मला सांगायचं होतंस, आर्लीन."

एवढंच बोलला. ओरडला असता तर बरं झालं असतं.

१५ जून, शनिवार

झेरकडे गेले. तो नव्हता. तो आणि दोन्ही मुलगे दोन तासांवर कुठेतरी घोड्यांचे तबेले बांधताहेत, सोमवारी जातात ते शनिवारी संध्याकाळी येतात. त्याची बायको आयडा पडवीत वाटाणे सोलत होती. बस म्हणाली नाही.

मी उभ्यानेच सगळं सांगितलं. एकही शब्द मऊ केला नाही. ती सोलत राहिली.

शेवटी म्हणाली, "आम्हाला माहीत आहे. शेड पडल्यावर तो तुमच्या रस्त्याने गेला होता, रस्त्यावरूनच त्याला मोड कुठून सुरू झाली ते दिसलं. मी म्हटलं, जाऊन सांग लोकांना. तर म्हणाला, त्यांच्या कालवडी मेल्यात, त्यात मी आणखी काय घालू."

मी म्हटलं, तो आला की मी त्याची माफी मागेन.

"माग. तो करेल माफ, त्याचा स्वभावच तसा. तुझं बोलणं संपायच्या आत करेल." तिने टोपली दुसऱ्या मांडीवर घेतली. "माझं विचारशील तर, मी आठवड्यातले सहा दिवस एकटी जेवते. माझं अजून व्हायचंय."

तिचं बरोबर होतं आणि तरीही घरी येईपर्यंत मी तिच्यावर धुमसत होते. माझा स्वभाव हा असा आहे. त्याचं काय करायचं ते या वयात मला कळत नाही.

२ जुलै, मंगळवार

सकाळी ड्वेनला म्हटलं फळी काढ. त्याने कोट खुर्चीवर टाकले आणि पेचकसाने स्क्रू सोडवले. मागे भिंतीवर रंग न उडालेली पांढरी पट्टी राहिली आहे.

संध्याकाळी आम्ही दोघं फायर हॉलला गेलो. खाली बसायच्या आधीच मी फळी टेबलावर ठेवली आणि दोन्ही नोंदी वाचल्या. "काम कमी असेल त्याला," हेसुद्धा वाचलं. मग म्हटलं, मे महिन्यात मी इथे जे बोलले ते खोटं होतं, मला खोटं आहे हे माहीत नव्हतं एवढंच, आणि ते माहीत नसणं ही माझीच चूक. ड्वेन उठून म्हणाला, करवत माझी होती. मी त्याला म्हटलं, बस खाली, माझं बोलणं संपलेलं नाही.

बाहेर वॉटरटाउनच्या कंपनीचे खांब रांगेत रोवून झालेले दिसत होते. करार झाला आहे, ते काम काही परत येत नाही. बैठक संपल्यावर दलप्रमुखाने फळीवरून हात फिरवला, पत्र्याच्या दातांपाशी थांबला, आणि मला विचारलं की ही इथे ठेवू का. मी म्हटलं, नको, ती मला लागणार आहे.

२० जुलै, शनिवार

झेर भेटला. आयडा म्हणाली होती तसंच झालं. मी अर्धं वाक्य बोलले तोवर त्याने माफ करून टाकलं आणि लगेच विचारलं, "नवीन कैच्या कुठल्या ठरवल्यात?" मला इतका राग आला. मी पाच आठवडे झोपले नव्हते आणि याने मला पुरतं बोलूसुद्धा दिलं नाही. मी म्हटलं, थांबा, मला सगळं बोलायचं आहे. तो थांबला. मी सगळं बोलले. मग त्याने पुन्हा विचारलं.

कैच्या अशा ठरल्या आहेत: अठ्ठेचाळीस फूट, खालची तुळई सपाट, चार-चार फुटांवर, एकूण सदतीस. भार ड्वेनने सांगितला तेवढा. एलिव्हेटरला जागा ठेवून खास कैची करून देते, असं मार्सी म्हणत होती. मी नको म्हटलं. एलिव्हेटर विकला. गवत वेगळ्या शेडमध्ये जमिनीवरच रचायचं, हातभर जागा जास्त जाईल, जाऊ दे. प्रत्येक कैचीवर कापू नका म्हणून पिवळी चिठ्ठी येते. जुन्यांवरही होती म्हणे. आठवत नाही.

झेरने कागद नीट वाचला, दोन ठिकाणी आडव्या बांधणीच्या खुणा वाढवल्या. तबेल्यांचं काम सप्टेंबरअखेर संपतं, त्याआधी येता येणार नाही म्हणाला. बर्फ कधी कधी ऑक्टोबरातच येतो. मी दुसऱ्या कुणाला विचारायला हवं होतं. मी म्हटलं, आम्ही थांबतो.

५ ऑक्टोबर, शनिवार

कैच्या चढल्या. सदतीसच्या सदतीस, संध्याकाळच्या दुधाआधी. माणसं एकवीस, त्यात फायर हॉलची नऊ. ज्या सहा जणांनी मे महिन्यात माझ्याबरोबर हात वर केले होते, त्यातले पाच आले. हॅम तीन, बटाट्याची ताटं सहा, पाई अकरा.

झेर शेवटपर्यंत वर होता. प्रत्येक सांधा हाताने बघत गेला. गवताच्या बाजूच्या टोकाला पोचल्यावर थांबला, कारण तिथल्या खांबावर डोळ्यांसमोर येईल अशी ती फळी मी ठोकलेली आहे. कोट टांगायला नाही. वर काही लिहिलेलं नाही. तो थोडा वेळ बघत राहिला, मग पुढच्या सांध्याकडे गेला.

मी शिडी धरली नाही. ड्वेन म्हणाला, धर की. मी म्हटलं, तूच धर.

आयडा आली होती. न बोलावता आली, बरोबर दोन पाव आणले, सगळ्यांना वाढलं, भांडी घासायला माझ्याशेजारी उभी राहिली. माझ्याशी बोलली ती फक्त फडकं मागायला. जेवताना सगळ्यांनी पाई घेतली, काहींनी दोनदा. तिने माझ्या एकाही पाईला हात लावला नाही. हे मी इथे लिहून ठेवते, कारण आणखी अकरा वर्षांनी मी नक्की असं सांगेन की त्या दिवशी सगळं मिटलं होतं.